स्क्रीनवर पट्टा नव्हता

१९९३ सालचा उन्हाळा. मी तेव्हा एका तंत्रनिकेतनात कंट्रोल सिस्टिम्स शिकवत होतो. शेवटच्या वर्षाच्या तीन मुलांनी प्रोजेक्टसाठी ‘उलटा लंबक’ घेतला होता. रुळावर मागेपुढे पळणारी एक छोटी गाडी, तिच्यावर बिजागरीनं बसवलेली उभी काठी, आणि ती काठी पडू नये म्हणून गाडीनं करायची धावपळ. लहानपणी तळहातावर झाडू उभा धरून अंगणभर पळालेल्या कुणालाही हा प्रयोग समजावून सांगावा लागत नाही.

मुलांनी आधी टर्बो पास्कलमध्ये समीकरणं लिहून पडद्यावर काठी उभी केली. ती इतकी शहाण्यासारखी उभी राहायची, की आम्ही चहाला जाऊन आलो तरी उभीच. मग भंगारातल्या एका डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं कॅरेज काढून गाडी केली, त्याचाच दातेरी पट्टा वापरला, बाजारातून एक लहानशी डीसी मोटर आणली आणि काठीचा कोन कळावा म्हणून बिजागरीला पोटेन्शिओमीटर जोडला. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर काठी दोन सेकंदांत आडवी झाली. पुन्हा उभी केली, पुन्हा आडवी.

“स्क्रीनवर उभी राहते, मग इथं काय झालं?” परीक्षकांनी विचारलं. दोघे मुलगे माझ्या तोंडाकडे बघू लागले. तिसरी मुलगी होती. ती म्हणाली, “सर, स्क्रीनवर पट्टा नाही.”

परीक्षक हसले, बरे मार्क देऊन गेले. खरंच, दिशा बदलताना तो जुना पट्टा आधी थोडा सैल पडायचा आणि मग ओढायचा. त्या क्षणभरात काठी हातातून गेलेली असायची. आमच्या समीकरणांत वस्तुमान होतं, गुरुत्वाकर्षण होतं. सैल पट्टा नव्हता. निवृत्तीनंतर मी यंत्रांना संगणकातल्या खोट्या जगात शिकवण्याचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. साठ-सत्तर वर्षांचा हा खटाटोप म्हणजे त्या मुलीच्या चार शब्दांचं लांबलचक भाष्य आहे, असं माझं मत झालं आहे.

खांबाशी माझी ओळख मात्र त्याहून जुनी. गावच्या तालमीत मी मल्लखांब केला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नावारूपाला आणली असं परंपरा सांगते. तिचं मूळ काम नावातच आहे: मल्लाऐवजी खांब. जोडीला माणूस नसला तरी अढी, बगली, दसरंग घोटून घ्यायचे. खांब दमत नाही, चिडत नाही, तुम्ही चुकलात म्हणून मान मुरगाळत नाही. सिम्युलेटरची याहून सुटसुटीत व्याख्या मला जाडजूड पुस्तकांत मिळाली नाही. त्याची खोडही तालमीतल्या पोराला ठाऊक असते. खांब उलटा डाव टाकत नाही. पुरलेल्या मल्लखांबावर वाघ असलेला पोरगा पहिल्यांदा टांगत्या मल्लखांबावर चढला की मांजर होतो, कारण हा खांब अंगाखाली गिरकी घेतो. मी झालो होतो.

यंत्रांच्या आधी माणसांनीच खोट्या जगात शिकून पाहिलं. १९२९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक यांनी विमान चालवायला शिकवणारी एक पेटी बनवली. वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. त्यामुळे भाते, झडपा आणि हवेच्या नळ्या हा त्यांचा घरचा माल. आपल्याकडची पायपेटी उघडून पाहिलेल्याला कल्पना येईल: भात्यात हवा भरली की पेटी एका अंगाला उचलली जायची, सोडली की कलायची. सुरुवातीला ती पेटी जत्रेतल्या करमणुकीसाठीच जास्त खपली. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपाल नेण्याचं काम आलं, खराब हवेत वैमानिक मरू लागले, तेव्हा लष्करानं सहा पेट्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात अशा पेट्यांत पाच लाखांच्या आसपास वैमानिक शिकले.

त्या निळ्या पेटीत काय नव्हतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. झाकण लावलं की आकाश नव्हतं, जमीन नव्हती. ढगात सापडलेल्या वैमानिकाला फक्त घड्याळांसारखे काटे दिसतात, म्हणून लिंक यांनी फक्त काटे ठेवले. काय गाळायचं हे त्यांना नेमकं कळलं होतं. आमच्या टर्बो पास्कलनं नको ते गाळलं.

आता यंत्रांकडे. डोनल्ड मिची हे युद्धकाळात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संकेत फोडणाऱ्यांपैकी एक, ॲलन ट्युरिंग यांचे मित्र. १९६०च्या सुमाराला खेळातून शिकणारं यंत्र करायचं त्यांच्या मनात आलं, पण हाताशी संगणक नव्हता. त्यांनी रिकाम्या काडेपेट्या गोळा केल्या, तीनशेच्या आसपास. फुली-गोळ्याच्या डावातल्या प्रत्येक स्थितीला एक काडेपेटी, तिच्यात रंगीत मणी, प्रत्येक रंग म्हणजे एक घर. पेटी हलवायची, जो मणी पुढे येईल ती चाल. जिंकलं तर त्या रंगाचे तीन मणी वाढवायचे, बरोबरी झाली तर एक, हरलं तर वापरलेला मणी काढून घ्यायचा. काही शे डावांत काडेपेट्या बऱ्यापैकी खेळू लागल्या. इतकं स्वच्छ यंत्र मला दुसरं माहीत नाही; आजही ते एखाद्या शाळेत दुपारभरात उभं करता येईल.

१९६८ मध्ये मिची आणि आर. ए. चेंबर्स यांनी याच काडेपेट्या संगणकात नेल्या आणि फुली-गोळ्याच्या जागी आमची ओळखीची काठी आणली. गाडी कुठे आहे, किती वेगानं जाते आहे, काठी किती कलली, किती वेगानं कलते आहे, या चार गोष्टींचे कप्पे पाडून २२५ खोके केले. प्रत्येक खोक्यानं एवढंच ठरवायचं: डावीकडे ढकलू की उजवीकडे? गाडी, रूळ, काठी सगळी आकड्यांतली. ती हजारदा पडली तरी खोलीत आवाज होत नव्हता. त्याच दशकात स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो यांनीही झाडू तोलणारं यंत्र केलं होतं, तेव्हा अंगणातल्या पोरांचा खेळ दोन्हीकडे पोचला होता असं म्हणायला हरकत नाही.

पुढे १९८३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या अँड्र्यू बार्टो, रिचर्ड सटन आणि चार्ल्स अँडरसन यांनी तीच काठी घेतली. खोके १६२ केले, आणि एक नवा भाग जोडला, ‘आता पडणार’ हे पडण्याआधी ओळखायला शिकणारा. हा निबंध रीइन्फोर्समेंट लर्निंगच्या, म्हणजे बक्षीस-शिक्षेतून यंत्राला शिकवण्याच्या शास्त्राच्या, पायातला दगड ठरला. बार्टो आणि सटन यांना २०२४चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं ते या धाग्याच्या कामासाठी. मला त्या निबंधाचं परिशिष्ट आवडतं. तिथं समीकरणं आहेत, आणि समीकरणांत घर्षण आहे. गाडी आणि रुळातलं ०.०००५, बिजागरीतलं ०.००००२चाही दहावा हिस्सा. असून नसल्यासारखं. तरीही कुणाला तरी वाटलं की बिजागरी कुरकुरते, तेव्हा ते लिहावं. २०१६ मध्ये ओपनएआयनं ‘जिम’ नावाचा सरावाच्या जगांचा संच सगळ्यांसाठी खुला केला. त्यात ही काठी अग्रभागी होती आणि गेल्या दहा वर्षांत हा विषय शिकलेल्या बहुतेकांचा श्रीगणेशा तिच्यावरच झाला. त्या आवृत्तीत घर्षण शून्य आहे. तेवढी कुरकुरही कुणीतरी पुसून टाकली.

पटावरच्या खेळांची गोष्ट मी इथं आवरती घेतो. आयबीएमच्या आर्थर सॅम्युएल यांच्या चेकर्स खेळणाऱ्या प्रोग्रामनं १९५०च्या दशकात स्वतःशी खेळून शिकायला सुरुवात केली, १९९०च्या दशकाच्या आरंभी तिथल्याच जेराल्ड टेसॉरो यांनी बॅकगॅमनचा खेळाडू लाखो डाव स्वतःशी खेळवून तयार केला. खांबाऐवजी आपलीच सावली जोडीला घेऊन कुस्ती. कामगिरी मोठी, वादच नाही. पण पटावरचं जग नियमांच्या कागदात संपतं. पटाला पट्टा नसतो. बॅकगॅमनला निदान फासे होते, आणि तिथलं यश काही अंशी फाशांचंच, असं अभ्यासकांनी म्हटलं आहे: फासे डावाला दर वेळी नव्या वाटेला ढकलत, घोकंपट्टी होऊच देत नसत.

खरा गुंता रस्त्यावर आला. १९८०च्या दशकाच्या शेवटी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमर्लो यांनी एका व्हॅनला न्यूरल नेटवर्कच्या भरवशावर चालवायचं ठरवलं. त्या नेटवर्कचं नाव अल्विन. त्याचा डोळा ३० बाय ३२ ठिपक्यांचा. आजच्या मोबाइलमधलं सगळ्यात लहान चिन्हही याहून तपशीलवार असतं. खऱ्या रस्त्याची चित्रं निरनिराळ्या उजेडात, निरनिराळ्या वळणांवर गोळा करायची तर महिने जाणार, म्हणून त्यांनी संगणकावर १,२०० खोटे रस्ते काढले आणि त्यांवर अल्विनला शिकवलं. ते विद्यापीठाच्या आवारातल्या झाडीतून ४०० मीटर वाट कापू शकलं, सेकंदाला अर्धा मीटर. म्हणजे बारशाला चाललेल्या आजीबाईंच्या चालीनं. पण गेलं.

मग पॉमर्लो यांनी खोटे रस्ते सोडले आणि माणूस गाडी चालवत असताना अल्विननं बघून शिकावं अशी रचना केली. खरा रस्ता, खरा उजेड, आणखी काय हवं? इथं गंमत झाली. माणूस गाडी नीट चालवतो. तो रस्त्याच्या मधोमध असतो. तेव्हा गाडी कडेला गेली तर काय करायचं, हे अल्विनला कधी दिसलंच नाही. चांगल्या गुरूकडे शिकल्यामुळे शिष्य चुकीपासून अनभिज्ञ राहिला. उपाय म्हणून पॉमर्लो यांनी प्रत्येक खरं चित्र थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे सरकवून ‘समजा गाडी इथं भरकटली असती तर’ अशी खोटी चित्रं बनवली आणि तीही दाखवली. खऱ्या जगातून जे मिळेना, ते मुद्दाम खोटं करून घालावं लागलं. माझ्या मते या इतिहासातलं हे सगळ्यात नाट्यमय वळण, आणि त्यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

त्यानंतरचं वळण इंग्लंडमध्ये, ससेक्स विद्यापीठात. स्विस बनावटीचा खेपेरा नावाचा एक गोल रोबो होता, व्यास साडेपाच सेंटीमीटर, मुठीत मावेल एवढा. निक जेकोबी, फिल हजबंड्स आणि इन्मन हार्वी त्याचा मेंदू संगणकातल्या खेपेरावर घडवून मग खऱ्यात घालत असत. खोट्यात जमलेलं खऱ्यात का फसतं, या दरीला त्यांच्या १९९५च्या निबंधानं शीर्षकातच जागा दिली. खऱ्या रोबोच्या सेन्सरचे आकडे सतत थरथरतात. एकाच भिंतीपाशी दोनदा मोजलं तर दोन उत्तरं येतात. इंजिनिअर याला नॉइज म्हणतात. जेकोबी आणि मंडळींनी ही थरथर खोट्या जगातही घातली आणि प्रमाण बदलून पाहिलं. थरथर अजिबात नसेल तर रोबो खोट्या जगाच्या नीटनेटकेपणावर विसंबतो आणि बाहेर आल्यावर आपटतो. दुप्पट घातली तरी बिघडतो, कारण मग तो थरथरीचाच फायदा उठवायला शिकतो. खऱ्याइतकीच थरथर असली की साधतं.

यापुढे जेकोबी यांनी जे केलं ते मला मल्लखांबाच्या वस्तादासारखं वाटतं. जग हुबेहूब उभं करण्याचा नाद त्यांनी सोडला. कामापुरत्या चार गोष्टी नीट ठेवायच्या, आणि उरलेलं सगळं दर खेपेला मुद्दाम बदलत राहायचं. आज भिंत जास्त चकचकीत, उद्या चाक जरा लहान. मग शिकणाऱ्याला त्या फालतू गोष्टींवर भरवसा ठेवताच येत नाही. खांब टांगून गिरकी द्यायची, एवढंच.

हे न केल्यास काय होतं, याचे किस्से या क्षेत्रात पोत्यानं आहेत. १९९४ मध्ये कार्ल सिम्स यांनी संगणकात ठोकळ्यांचे प्राणी घडवले, जे पिढ्यांमागून पिढ्या स्वतःच पोहायला, चालायला शिकत. जमिनीवर पुढे सरकेल त्याला बक्षीस ठेवलं, तर काही प्राणी नुसते उंच वाढले आणि धाडकन पुढे पडले. उंची जेवढी, तेवढं अंतर कापलं. बक्षीस! २०१६ मध्ये ओपनएआयच्या लोकांनी एका बोटींच्या शर्यतीच्या खेळात यंत्राला गुण मिळवायला लावलं. त्यानं शर्यत सोडून दिली आणि एका डबक्यात गोल गोल फिरत, पुन्हा पुन्हा उगवणारी तीच बक्षिसं गोळा केली. बोट इतर बोटींवर आपटत होती, पेट घेत होती, आणि गुण माणसांपेक्षा सरासरी वीस टक्के जास्त. मी पेपर तपासणारा माणूस आहे. हे दोन्ही प्रकार मला अनोळखी वाटले नाहीत. प्रश्नपत्रिकेतलं छिद्र शोधणारा विद्यार्थी दर वर्षी एक तरी असतो, आणि बहुधा तो ढ नसतो.

अटारी २६०० या जुन्या व्हिडिओ गेमच्या खोक्याचं प्रकरणही याच जातीचं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या मंडळींनी त्याचे खेळ शिकणाऱ्या यंत्रांसाठी आखाडा म्हणून मांडले. २०१५ मध्ये डीपमाइंडचा एकच प्रोग्राम त्यातले ४९ खेळ नुसता पडदा पाहून शिकला आणि त्याचा गाजावाजा झाला. पण त्या खोक्यात यदृच्छा नावाची गोष्टच नव्हती: तीच बटणं त्याच क्षणांना दाबली की तोच डाव पुन्हा घडायचा. तेव्हा पडद्याकडे न बघता नुसती बटणांची यादी पाठ करूनही गुण मिळवता येत. शेवटी आखाडा मांडणाऱ्यांनीच तो बिघडवला. दर पावलाला चारात एकदा तुमचं नवं बटण ऐकायचं नाही, मागचंच पुन्हा दाबायचं असं ठरवलं. याला ‘चिकट बटणं’ म्हणतात. तो शब्द वाचला तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. १९९३ मध्ये आमच्याकडे चिकट, सैल, कुरकुरणारं सगळं फुकट होतं.

२०१७पासून हे बिघडवणं रीतसर शास्त्र झालं. त्याला डोमेन रँडमायझेशन असं भारदस्त नाव मिळालं. २०१८ मध्ये ओपनएआयनं शॅडो कंपनीच्या पाच बोटांच्या यांत्रिक हाताला ठोकळा बोटांवर फिरवायला शिकवलं, तेही सगळं शिक्षण खोट्या जगात. तिथं घर्षण, ठोकळ्याचं वजन, आकार, रंग, प्रकाश आणि अगदी गुरुत्वाकर्षणसुद्धा दर खेपेला वेगळं. शिकायला लागलेला एकूण सराव माणसाच्या हिशेबात शंभर वर्षांचा, घड्याळात पन्नास तासांचा. पुढल्या वर्षी त्याच हातानं रुबिक क्यूब सोडवला. खऱ्या हातावर रबरी मोजा चढवला, दोन बोटं बांधली, खेळण्यातल्या जिराफानं ढोसलं, तरी तो सावरायचा. वर्तमानपत्रांनी जिराफ छापला. सगळ्यात जास्त विस्कटलेला क्यूब तो पाचात एकदाच सोडवू शकला, हे त्यांनी खालच्या ओळींत छापलं किंवा छापलं नाही.

त्याच वर्षी झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी मात्र वेगळी वाट धरली, आणि ती वाचताना मला प्रिंटरचा तो पट्टा डोळ्यांसमोर आला. ॲनिमल नावाचा त्यांचा चार पायांचा रोबो. त्याच्या सांध्यांत मोटर आहे, तिच्यामागे दातेरी चक्रं, स्प्रिंग, आणि त्यांचं मिळून जे वागणं होतं ते कुठल्याच समीकरणात धड बसत नाही. हुकूम दिला आणि पाय हलला, यांच्या मधल्या काळात बरंच काही घडतं. त्यांनी समीकरणाचा हट्ट सोडला. खऱ्या मोटरला हुकूम देऊन ती प्रत्यक्षात काय करते हे मोजलं, त्या मोजमापांवर एक लहान न्यूरल नेटवर्क शिकवलं, आणि ते नेटवर्क खोट्या जगात मोटरच्या जागी बसवलं. मग तिथं शिकलेला रोबो बाहेर आला आणि चालला, पळाला, उताणा पाडला तर उठून उभा राहिला. थोडक्यात, त्यांनी स्क्रीनवर पट्टा लावला.

गेल्या दिवाळीत माझी भाची आली होती. पुण्यात नोकरी करते, याच कामात. मी तिला काठी उभी करून दाखव म्हटलं. तिनं लॅपटॉपवर ती बिनघर्षणाची काठी काढली, शिकवणी लावली, आणि चकली तळून होईतो काठी ५०० पावलं उभी. एक पाऊल सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे दहा सेकंद. तिथं तो खेळ संपतो. मी तिच्याकडून तो प्रोग्राम उघडून घेतला. जगाच्या बाजूची ओळ शोधली आणि लिहिलं, की गाडीला दिलेला धक्का तीन पावलं उशिरा लागू होईल. शिकलेली काठी पुन्हा चालवली. ती डावी-उजवीकडे मोठमोठे हेलकावे घेत पडली.

“मामा, तू बिघडवलंस,” ती म्हणाली.

“पट्टा लावला,” मी म्हटलं, आणि तिला १९९३ची गोष्ट सांगितली. तिनं ती अर्धी ऐकली. लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला, माझ्या तीनच्या जागी दर खेपेला शून्य ते पाच यांतला कुठलाही आकडा यावा अशी ओळ लिहिली, आणि शिकवणी पहिल्यापासून सुरू केली. आम्ही चहा घेऊन आलो. काठी अजून पडतच होती.